जुना कॅसेटवाला टीव्ही गेम चालत नाही? कोकणातून वारंवार येणारे प्रश्न

प्रश्न वर्षभर येतात, पण गणपती, शिमगा आणि मे महिन्याची सुट्टी या तीन वेळी त्यांना ऊत येतो. मुंबईहून माणसं घर उघडायला येतात, माळा झाडला जातो आणि कुठल्यातरी खोक्यातून जुना टीव्ही गेम निघतो. सारखे सारखे येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत, साध्यापासून अडचणीच्या अपवादांपर्यंत. एका उत्तरात आलेलं दुसऱ्यात परत लिहिलेलं नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. एक साधा डिजिटल मल्टिमीटर जवळ ठेवा. तो नसेल तर पुढची निम्मी उत्तरं अंदाजपंचे ठरतील.

१. वर कंपनीचं नाव धड दिसत नाही. माझ्याकडे नेमका कुठला गेम आहे?

कॅसेटच्या खालच्या पट्टीवरचे सोनेरी पाय दोन्ही बाजूंचे मिळून मोजा. ६० भरले तर निंटेंडोचा जपानी फॅमिकॉम (१९८३) किंवा त्याची नक्कल. आपल्याकडे नव्वदच्या दशकात मीडिया, समुराई अशा नावांनी घरोघरी होते ते याच जातीचे. ७२ पाय म्हणजे निंटेंडोचाच एनईएस, हा बहुतेक परदेशातल्या नातेवाइकाने आणलेला असतो. ६४ पाय म्हणजे सेगाचा मेगा ड्राइव्ह. दापोली, मंडणगड, श्रीवर्धन या पट्ट्यात आखातातून आलेले सेट बरेच सापडतात, म्हणून अंदाजावर जाऊ नका, पाय मोजा. अडॅप्टर कुठला लावायचा हे यावरच ठरतं आणि सगळ्यात जास्त सेट तिथेच मरतात.

२. दहा-पंधरा वर्षं माळ्यावर पडून होता. लगेच लावून बघू का?

नको. आधी हलवून बघा. आत काही खुळखुळलं तर सुटा स्क्रू असेल, नाहीतर पालीची अंडी. दोन्ही बोर्डावर पडलेली चालत नाहीत. तळाचे स्क्रू काढून वरचं झाकण उचला. नकली सेटना, फॅमिकॉमला आणि एनईएसला साधा फुलीचा स्क्रू ड्रायव्हर पुरतो. एनईएस आणि मेगा ड्राइव्हच्या कॅसेट उघडायला मात्र ३.८ मिमीचा खास गोल बिट लागतो. जपानी फॅमिकॉमच्या कॅसेटना बहुधा स्क्रूच नसतो, त्या खाचेत बसवलेल्या असतात. सुरी घालून उघडायला गेलात तर कडा तुटणार.

आत तीन गोष्टी बघा. झुरळांची विष्ठा आणि मुंग्यांनी आणलेली माती ओलसर हवेत वीज वाहते, ती कोरड्या ब्रशने झाडा. तांब्याच्या रेषांवर हिरवा थर दिसला तर तो समुद्राच्या खाऱ्या हवेचा प्रताप आहे, त्यासाठी प्रश्न ७ पाहा. आणि गोल डब्यासारखे कपॅसिटर वरून फुगलेत का, बुडाशी तपकिरी चिकट डाग आहे का, ते तपासा. असेल तर ते बदलल्याशिवाय वीज देऊ नका. हे सगळं ठीक असेल तर अडॅप्टरकडे वळा.

३. मूळ अडॅप्टर हरवलाय. वायफाय राउटरचा लावला तर चालेल?

पिन बसते म्हणून चालेल असं नाही. तीन गोष्टी जुळाव्या लागतात: व्होल्ट, डीसी की एसी, आणि पिनच्या आत प्लस आहे की मायनस.

नकली सेट बहुतेक ९ व्होल्ट डीसीवर चालतात. जपानी फॅमिकॉमला १० व्होल्ट डीसी, ८५० मिलीअँपिअर, आत मायनस. मेगा ड्राइव्हच्या पहिल्या मॉडेलला ९ व्होल्ट डीसी, १.२ अँपिअर, आत मायनस. दुसऱ्या मॉडेलला १० व्होल्ट, ८५० मिलीअँपिअर, पण आत प्लस. एनईएसचा मूळ अडॅप्टर ९ व्होल्टचा खरा, पण एसी देणारा. एनईएसच्या आत रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा भाग) असल्यामुळे त्याला ते चालतं. तोच अडॅप्टर फॅमिकॉमला किंवा नकली सेटला लावलात तर आतला कपॅसिटर फुटू शकतो आणि रेग्युलेटर (आलेले व्होल्ट ५ वर आणणारा भाग) जातो.

राउटरचे अडॅप्टर बहुतेक १२ व्होल्टचे आणि आत प्लस असलेले असतात. आतल्या ७८०५ रेग्युलेटरला १२ व्होल्ट लगेच मारत नाहीत, पण उष्णता बघा: सेट अर्धा अँपिअर घेत असेल तर ९ व्होल्टवर रेग्युलेटर २ वॅट जाळतो, १२ वर साडेतीन. छोट्या पत्र्याच्या हीटसिंकला हे झेपत नाही. सरळ ९ व्होल्ट, १ अँपिअरचा (मेगा ड्राइव्हच्या पहिल्या मॉडेलला १.२ अँपिअरचा) नवा रेग्युलेटेड एसएमपीएस अडॅप्टर, म्हणजे मोबाइल चार्जरसारखा हलका, घ्या. अँपिअर जास्त असला तर बिघडत नाही, सेट लागेल तेवढाच घेतो.

पिनची दिशा सेटवर छापलेली नसेल तर अशी काढा. सेट उघडा, ७८०५ शोधा (तीन पायांचा, मागे पत्रा असलेला). मल्टिमीटर बीपवर ठेवा, एक टोक त्याच्या मधल्या पायाला आणि दुसरं अडॅप्टरच्या सॉकेटमधल्या मधल्या काडीला लावा. बीप वाजला तर आत मायनस. काडीला वाजला नाही आणि सॉकेटच्या बाहेरच्या पत्तीला वाजला तर आत प्लस. मग अडॅप्टर २० व्होल्ट डीसीच्या रेंजवर तपासा, लाल टोक पिनच्या आत, काळं बाहेर. आकडा उणे आला तर आत मायनस आहे. दोन्ही जुळल्याशिवाय पिन सेटमध्ये घालायची नाही.

४. काकांनी जपानहून आणलेला सेट आहे, सोबत त्याचा मूळ अडॅप्टरही आहे. तो वापरू ना?

तो १०० व्होल्टचा आहे. आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये घातलात तर काही सेकंदांत धूर. अमेरिकेचा असेल तर १२० व्होल्टचा, तीच गत. आखाती देशांतला बहुधा २२०-२४० चा असतो, तो चालतो. अडॅप्टरच्या लेबलवर 'इनपुट' पुढचा आकडा वाचा. अडॅप्टर स्वतः मात्र उघडून दुरुस्त करत बसू नका, आत घरची वीज खेळते.

५. लाल दिवाच लागत नाही. सेट मेला का?

जपानी फॅमिकॉमला पॉवरचा दिवा नसतोच. त्यामुळे 'दिवा लागत नाही' म्हणून कुणी कचऱ्यात टाकू नका.

दिवा असलेल्या सेटमध्ये आधी अडॅप्टरचे व्होल्ट मोजा. ते येत असतील तर पिन सॉकेटमध्ये हळूच हलवा. दिवा लुकलुकला तर सॉकेटच्या बुडाशी सोल्डर तडकलं आहे. हा अगदी नेहमीचा बिघाड, पोरांनी वायरला पाय अडकवून ओढलेली असते. २५ वॅटच्या सोल्डरिंग आयर्नने थोडं नवं सोल्डर घालून तिन्ही जोड ताजे करा.

तरीही नाही, तर ७८०५ वर या. छापील बाजू आपल्याकडे धरली की डावा पाय इनपुट, मधला ग्राउंड, उजवा आउटपुट. डाव्या पायावर ९ च्या आसपास आणि उजव्यावर ४.८ ते ५.२ व्होल्ट हवेत. डाव्यावर काहीच नसेल तर पॉवर स्विच किंवा आधीचा डायोड गेला. डाव्यावर आहे आणि उजव्यावर नाही, तर सेट बंद करून उजव्या आणि मधल्या पायात शॉर्ट आहे का बघा. शॉर्ट नसेल तर ७८०५ बदला, दहा-वीस रुपयांचा भाग आहे. शॉर्ट असेल तर बिघाड पुढे बोर्डावर आहे, नवा रेग्युलेटरही तापून बंद पडेल.

६. फुकून फुकून दमलंय, तरी गेम चालना नाय. काय करूचा?

आधी फुंकणं बंद. फुंकल्यावर कधी कधी गेम चालतो तो कॅसेट पुन्हा बसवल्यामुळे, पाय घासले जाऊन जोड नव्याने लागतो म्हणून. फुंकरेने फक्त थुंकीचा दमटपणा पायांवर जातो आणि पाय काळे पडायला मदत होते. आपल्याकडे हवेत ओल आणि मीठ आधीच भरपूर आहे, आणखी घालायची गरज नाही.

दिवा लागतो पण पडदा काळा किंवा एकाच रंगाचा राहतो, याचा अर्थ बहुतेक वेळा कॅसेटमधला प्रोग्रॅम सेटपर्यंत पोहोचत नाही. दुसरी कॅसेट लावून बघा. एखादीच चालत नसेल तर ती कॅसेट साफ करा (प्रश्न ७). एकही चालत नसेल तर सेटमध्ये कॅसेट बसते ती खाच साफ करा (प्रश्न ८). खाच साफ करूनही तेच, तर उजव्या पायावरचे ५ व्होल्ट मोजा (प्रश्न ५). हा क्रम उलटा करू नका. पाय मळलेले असताना बोर्ड तापवून बसणारे बरेच भेटतात.

कॅसेट लावताना आणि काढताना सेट बंदच हवा. चालू सेटमधून कॅसेट ओढली की पाय एकेक करून सुटतात आणि क्षणभर ५ व्होल्ट भलत्याच पायाला लागू शकतात.

७. कॅसेटचे पाय कशाने पुसायचे? घरात सॅनिटायझर आहे, रॉकेल आहे.

दोन्ही नकोत. सॅनिटायझरमध्ये ग्लिसरीन असतं, त्याचा चिकट थर मागे राहतो. रॉकेल, पेट्रोल, थिनर प्लास्टिक खातात. तांब्या-पितळेची भांडी आपण कोकमाने नाहीतर चिंचेने लख्ख करतो, ते इथे अजिबात नको. आंबट पदार्थ हिरवा थर काढतात खरे, पण आम्ल आणि कोळ फटीत राहतो आणि पुढच्या पावसाळ्यात उरलेलं तांबंही खातो. नारळाचं तेल लावून 'गंज लागू नये' म्हणणारेही आहेत. तेलाला धूळ चिकटते आणि जोड आणखी बिघडतो.

हवं ते ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, दुकानात आयपीए म्हणतात. रत्नागिरी, चिपळूण, कुडाळ अशा गावांत मोबाइल दुरुस्तीवाल्यांकडे असतं. कानाच्या काडीला लावून पायांवर वरून खाली चोळा, आडवं नाही, म्हणजे मळ दोन पायांच्या मध्ये जाऊन बसणार नाही. काडी काळी येईल. काडी स्वच्छ येईपर्यंत नवनवी वापरा, दोन्ही बाजू करा, दहा मिनिटं सुकू द्या.

काळपटपणा अल्कोहोलने गेला नाही तर शाळेतल्या मऊ पांढऱ्या खोडरबराने हलक्या हाताने चार-पाच वेळा घासा, कण झाडा, पुन्हा आयपीए. शाई खोडायचं खरखरीत रबर आणि पॉलिश पेपर वर्ज्य. पायांवरचा सोन्याचा मुलामा फार पातळ असतो, तो गेला की उघडं तांबं आणि समुद्राची हवा समोरासमोर येतात. अशी घासून 'नवी' केलेली कॅसेट एक पावसाळा काढते, दुसरा नाही.

८. आणि सेटमधली खाच? तिथे काडी जात नाही.

जुनं एटीएम कार्ड घ्या, ते साधारण ०.७६ मिमी जाड असतं. चष्मा पुसायचं पातळ कापड त्यावर एकच पदर गुंडाळा, आयपीएने ओलसर करा, निथळतं नको. सेटची वीज काढून कार्ड खाचेत सरळ घाला आणि सरळ काढा, पाच-सहा वेळा, कापडाची जागा बदलत. वाकडं करून खुपसलं किंवा जाड कापड वापरलं तर आतल्या पत्त्या कायमच्या फाकतात आणि मग कुठलीच कॅसेट घट्ट बसत नाही. टॉर्चने आत बघा: एखादी पत्ती बाकीच्यांपेक्षा मागे गेलेली दिसली तर बारीक सुईने अलगद पुढे आणता येते. दोन पत्त्या एकमेकींना टेकत नाहीत एवढं बघा.

९. गेम चालतो, आवाजही येतो, पण मारिओच्या जागी नुसते चौकोन आणि फाटकी अक्षरं.

ही चांगली बातमी आहे. फॅमिकॉमच्या कॅसेटमध्ये प्रोग्रॅम आणि चित्रं वेगवेगळ्या मार्गांनी सेटकडे जातात. पट्टीच्या एका टोकाकडचे अर्धे पाय प्रोसेसरचे, दुसऱ्या टोकाकडचे अर्धे चित्राच्या चिपचे. गेम चालू आहे म्हणजे पहिली बाजू शाबूत. कॅसेटचा समोरचा भाग आपल्याकडे असू दे वा पलीकडे, दोन्ही पृष्ठभागांवरचं ते दुसरं टोक नीट साफ करा. बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं.

तेच चौकोन सगळ्या कॅसेटमध्ये, त्याच जागी दिसत असतील तर खाचेची तीच बाजू बघा. खाच चोख असूनही फरक नाही, तर चित्राची चिप किंवा तिची मेमरी गेली. नकली सेटमध्ये सगळं एकाच काळ्या थेंबाखाली गाडलेलं असतं, तो बदलता येत नाही.

१०. एका कॅसेटमध्ये आवाजच नाही, बाकीच्यांत आहे. टीव्ही बिघडला असता तर सगळ्यांत गेला असता ना?

बरोबर ताडलंत. फॅमिकॉममध्ये सेटचा आवाज आधी कॅसेटमध्ये जातो आणि तिथून परत येतो, ४५ आणि ४६ क्रमांकाच्या शेजारच्या पायांवरून. काही जपानी कॅसेट त्यात स्वतःचा आवाज मिसळत, म्हणून ही सोय. या दोनपैकी एक पाय मळला की चित्र झकास आणि आवाज गुल. पाय साफ करा. एनईएसला हे लागू नाही.

११. नव्या एलईडी टीव्हीला जोडायचा कसा? अँटेनाची वायर लावली तर काहीच दिसत नाही.

सेटला पिवळं आणि पांढरं भोक असेल तर अँटेनाच्या वायरीच्या नादाला लागू नका. पिवळी चित्राची, पांढरी आवाजाची. नव्या टीव्हींना बहुधा हेडफोनसारखं एकच गोल भोक असतं आणि त्यासाठी तीन तोंडांची वेगळी वायर लागते. सगळ्या वायरी सारख्या नसतात, आत ग्राउंडची जागा बदलते. चित्र थरथरत असेल किंवा फक्त गुणगुण येत असेल तर पिवळी पिन वायरच्या लाल तोंडात घालून बघा. लागलं तर वायर दुसऱ्या जोडणीची आहे.

सेटला फक्त अँटेनाची वायर असेल तर टीव्हीत ॲनालॉग ट्यूनर हवा. कॅसेट लावून सेट चालू ठेवा आणि मग ॲनालॉग चॅनेलचा ऑटो सर्च करा; आधी सर्च करून मग सेट लावला तर सापडणार काय? चित्र आलं पण आवाजाऐवजी नुसती खरखर असेल तर टीव्हीच्या मेनूत साउंड सिस्टिम बदला. आपल्याकडे बीजी चालायची, चीन-हाँगकाँगकडचे सेट डीके किंवा आय वर असतात. आवाजाची लहर चित्रापासून ५.५, ६.५ किंवा ६ मेगाहर्ट्‌झवर बसते, टीव्ही भलतीकडे ऐकत असतो.

सगळं बरोबर असूनही टीव्ही 'नो सिग्नल' म्हणतो याला आणखी एक कारण आहे. हे सेट साध्या टीव्ही प्रक्षेपणापेक्षा निम्म्याच ओळींचं चित्र पाठवतात, काही नव्या टीव्हींना ते ओळखता येत नाही. पिवळ्या-पांढऱ्या वायरीवरून एचडीएमआय करणारा छोटा कन्व्हर्टर मध्ये लावला की बहुतेक ठिकाणी काम होतं. चित्र किंचित उशिरा येतं, तेव्हा टीव्हीचा गेम मोड चालू करा.

१२. चित्र येतं पण काळं-पांढरं.

टीव्हीचं हिरवं आणि पिवळं भोक एकच असेल तर तो कंपोनंटवर लागलाय, मेनूत एव्ही निवडा. तसं नसेल तर सेट एनटीएससीचा, म्हणजे जपान-अमेरिकेच्या रंगपद्धतीचा आहे. त्याचा रंग ३.५८ मेगाहर्ट्‌झवर येतो, आपल्या पॅलचा ४.४३ वर. टीव्हीत कलर सिस्टिम 'ऑटो' किंवा 'एनटीएससी' करा.

१३. दिवसा ठीक चालतो, संध्याकाळी सातनंतर आपोआप रिसेट होतो. भुताटकी आहे का?

व्होल्टेज आहे. गावात सात ते नऊ सगळ्या घरांचे पंखे, पंप, फ्रिज एकदम चालू आणि लाइन १७० व्होल्टवर. ट्रान्सफॉर्मरवाला जुना जड अडॅप्टर आत येईल त्या प्रमाणात बाहेर देतो. २३० ला ९ देणारा १७० ला जेमतेम पावणेसात देतो, आणि ७८०५ ला ५ व्होल्ट सांभाळायला आत किमान ७ लागतात. थोडं खाली गेलं की प्रोसेसर गोंधळतो. एसएमपीएस अडॅप्टर १०० ते २४० व्होल्टमध्ये सारखाच आउटपुट देतो, तो लावला की हा प्रश्न संपतो. स्टॅबिलायझर घ्यायची गरज नाही.

वेळ संध्याकाळचीच नसून चालू केल्यावर वीस-तीस मिनिटांनी कधीही होत असेल तर ७८०५ तापतोय. हीटसिंकचा स्क्रू घट्ट करा, सुकलेली पांढरी पेस्ट पुसून नवी लावा. आणि पडद्यावर दोन रुंद, फिकट पट्टे सावकाश वर सरकत असतील तर मुख्य कपॅसिटर थकलाय. त्यावर छापलेलं मूल्य बघून (साधारण १००० ते २२०० मायक्रोफॅरड) तेवढाच, पण २५ व्होल्टचा लावा. वजा पट्टी बोर्डावरच्या वजाच्याच बाजूला. साध्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवरही गुणगुण आणि रेषा येतात, तो सेटचा दोष नाही.

१४. रिमोटचं एखादं बटण दाबलं तरी लागत नाही, किंवा उडी आपोआप मारतो.

रिमोट उघडा, रबराची चटई उचला. खालच्या काळ्या ठिपक्यांवर आणि बोर्डावरच्या नक्षीवर आयपीए फिरवा, पण काळे ठिपके घासू नका. ठिपका झिजला असेल तर मऊ पेन्सिलीचं शिसं चोळून काही महिने निघतात. एकही बटण लागत नाही, अशा वेळी बटण नाही, वायर तुटलेली असते, बहुधा रिमोटमधून बाहेर पडते तिथेच. मल्टिमीटरच्या बीपवर पाचही तारा टोकापासून टोकापर्यंत तपासा: ५ व्होल्ट, ग्राउंड, क्लॉक, लॅच, डेटा. तुटका इंच कापून पुन्हा जोडा. आपोआप उडी मारणाऱ्या रिमोटमध्ये टर्बोचं बटण चिकटलेलं असतं, आधी तेच बघा.

१५. दुसऱ्या रिमोटला स्टार्ट बटणच नाही. पडलं असेल?

नाही. जपानी फॅमिकॉमच्या दुसऱ्या रिमोटला स्टार्ट-सिलेक्ट नव्हतेच, नकली सेटनीही तेच उचललं.

१६. मित्राचा मेगा ड्राइव्हचा रिमोट माझ्या सेटला बसतो. लावू?

नऊ पिनांचं भोक दोघांचं सारखं दिसतं, आतली जोडणी वेगळी आहे. चालणार तर नाहीच, वर ५ व्होल्ट चुकीच्या पिनवर जाऊन चिप जाऊ शकते.

१७. बदकं मारायची बंदूक नव्या टीव्हीवर एकही गोळी लागू देत नाही.

लागणारही नाही, आणि दुरुस्तीने काही होणार नाही. बंदुकीतून काही सुटत नाही. तिच्या नळीत प्रकाश बघणारा डोळा आहे. घोडा ओढला की पडदा क्षणभर काळा होतो, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो, आणि तो प्रकाश ठरल्या क्षणी डोळ्याला दिसला पाहिजे. एलईडी टीव्ही चित्र उशिरा दाखवतो आणि त्याचा प्रकाश जुन्या पिक्चर ट्यूबसारखा फडफडत नाही. घरात खोक्यासारखा जुना टीव्ही असेल तर तो भंगारात देऊ नका. त्यावरही बंदूक चालत नसेल तर पडद्याचा ब्राइटनेस वाढवा आणि नळीतली काच पुसा.

१८. पुराच्या पाण्यात सेट बुडाला होता. वाचेल का?

२२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी शिरल्यापासून हा प्रश्न थांबलेला नाही. बुडताना वीज चालू नव्हती तर वाचण्याची शक्यता बरी असते. चालू करून 'बघितलं' की ती जाते.

सेट, रिमोट, कॅसेट सगळं पूर्ण उघडा. बॅटरी असलेल्या कॅसेटची बॅटरी सगळ्यात आधी काढा, पाण्यात तिची वीज तांबं कुरतडत राहते. बोर्ड नळाच्या स्वच्छ पाण्याखाली मऊ टूथब्रशने धुवा. गाळ सुकल्यावर निघत नाही, तेव्हा सुकला असेल तर आधी तासभर भिजत ठेवा. मग डिस्टिल्ड वॉटरने, म्हणजे गॅरेजमध्ये गाडीच्या बॅटरीत घालायला मिळतं त्याने, दोनदा खंगाळा. नळाच्या पाण्यातले क्षार राहता कामा नयेत. शेवटी आयपीए ओता, ते पाणी ओढून घेतं. अँटेनाच्या वायरीचा पत्र्याचा डबा विसरू नका, त्याचं झाकण काढलं नाही तर आत पाणी महिनाभर राहतं.

सुकवायला पंख्याखाली तीन दिवस. पावसाळ्यात हवाच ओली असते म्हणून मोठ्या खोक्यात ४० वॅटचा साधा बल्ब लावून, बोर्ड त्यापासून लांब ठेवून, एक रात्र काढा. तांदळाच्या डब्यात पुरू नका, तांदळाने फक्त पीठ लागतं. खाऱ्या पाण्यात, खाडीच्या भरतीत भिजला असेल तर वाट बघू नका, त्याच दिवशी धुवा.

१९. पावसाळ्यात ठेवायचा कुठे?

झाकण घट्ट बसणारा प्लास्टिकचा डबा, दहा लिटरच्या डब्यात १०० ग्रॅम सिलिका जेल. नारिंगी दाणे हिरवे किंवा फिके पडले की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोन तास तापवून परत घाला. मे अखेरीस, पाऊस सुरू व्हायच्या आधी बंद करा. जूनच्या पहिल्या सरीनंतर भरलात तर ओल आत कोंडून घ्याल. डांबरगोळ्या नकोत, त्यांच्या वाफेने काही जातीचं प्लास्टिक मऊ पडतं. मातीच्या भिंतीला किंवा कौलाखालच्या माळ्याला टेकवून ठेवू नका. वळवाच्या आणि परतीच्या पावसात विजा असतात, तेव्हा वीज आणि अँटेना दोन्ही काढा.

२०. '९९९९ इन वन' कॅसेटमध्ये रिसेट दाबलं की दुसराच गेम येतो. आणि गेम तर दहा-बाराच निघाले!

आकडा छापायला पैसे लागत नाहीत. तेच गेम वेगवेगळ्या नावांनी किंवा मधल्या लेव्हलपासून पुन्हा दिलेले असतात. रिसेटने गेम बदलणं हा काही कॅसेटमध्ये बिघाड नसून सोय आहे, मेनूऐवजी रिसेटनेच पुढचा गेम निवडायचा. मेनूच फाटका दिसत असेल तर प्रश्न ९.

२१. लाल दिवा सेकंदाला एकदा चालू-बंद होतो.

हे फक्त एनईएसमध्ये होतं. त्यात एक कुलूप-चिप आहे. कॅसेटमधल्या जोडीदार चिपशी तिचा संवाद जुळला नाही की ती सेट पुन्हा पुन्हा रिसेट करते. म्हणजे इथेही मूळ दुखणं पायांचं. प्रश्न ७ आणि ८ प्रमाणे साफ करा. सेटमधल्या कुलूप-चिपचा चौथा पाय कापला की लुकलुक थांबते, पण मळ तिथेच राहतो आणि मग लुकलुकीऐवजी फाटकं चित्र दिसतं. फॅमिकॉम आणि नकली सेटमध्ये ही चिप नाही. त्यांचा दिवा लुकलुकत असेल तर प्रश्न ५ मधला सॉकेट बघा.

२२. गेम सेव्ह केला तरी दुसऱ्या दिवशी सगळं पुसलेलं.

कॅसेटमधली ३ व्होल्टची गोल बॅटरी संपली, बहुधा सीआर २०३२. मोजा: २.५ च्या खाली असेल तर बदला. पत्त्या वेल्ड केलेली बॅटरीच घ्या; साध्या बॅटरीवर थेट सोल्डर केलं तर ती तापून फुटू शकते. जुनी काढली की उरलेलं सेव्हही जातं, ते वाचवायची साधी युक्ती नाही.

बॅटरी नवी असूनही सेव्ह जात असेल तर बंद करण्याची पद्धत बघा. एनईएसच्या 'झेल्डा'सारख्या कॅसेटमध्ये रिसेट दाबून धरायचं आणि मगच पॉवर बंद करायची, नाहीतर वीज जाताना प्रोसेसर मेमरीत कचरा लिहितो. म्हणजे अचानक लाइट गेली की सेव्ह जाण्याचा धोका असतोच. सेट छोट्या यूपीएसवर घ्या, किंवा पाऊस धरला असेल त्या दिवशी लांबचा गेम सुरू करू नका.